सांगलीत घर बांधण्याआधी: आर्किटेक्टकडे जाताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्याकडे येणारी बहुतेक कुटुंबं आयुष्यात एकदाच घर बांधतात. आधीचा अनुभव नसतो, सल्ले मात्र चारी बाजूंनी येत असतात. ही उत्तरं सांगली, मिरज, कुपवाड आणि साताऱ्याकडची जमीन, पाऊस आणि कचेऱ्या डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. नकाशाची पहिली रेघ मारण्याआधी घरच्यांनी ज्या गोष्टी ठरवायच्या असतात, त्या आर्किटेक्ट ठरवू शकत नाही आणि कंत्राटदारही नाही. हे पान त्या तयारीसाठी आहे.

आर्किटेक्टकडे नेमकं कधी यावं?

जमत असेल तर प्लॉटचा विसार देण्याआधी. जागा एकदा घेतली की तिची पातळी, माती, रस्त्याची रुंदी आणि दिशा या गोष्टी बदलता येत नाहीत. घर त्यांच्यात बसवावं लागतं.

प्लॉट आधीच घेतला असेल तर पंचांगापेक्षा पावसाचं वेळापत्रक बघा. आपल्याकडे बांधकामाचा खरा हंगाम दिवाळी ते मे. पावसाळ्यात पाया खोदला तर काळ्या मातीच्या खड्ड्यात पाणी साचतं, कडा ढासळतात आणि निम्मी मजुरी पाणी उपसण्यात जाते. दिवाळीनंतर काम सुरू करायचं तर नकाशा, आरसीसी डिझाइन (सळई-काँक्रीटच्या कामाचा आराखडा), परवानगी आणि कंत्राटदारांचे दर हे सगळं पावसाळ्यात उरकलेलं हवं. म्हणून बोलणी उन्हाळ्यातच सुरू करा. अक्षय्य तृतीयेला भूमिपूजन करायची घरच्यांची इच्छा असेल तर जरूर करा. पूजा त्या दिवशी आणि खोदकाम पावसानंतर, असं करायला काहीच हरकत नाही.

प्लॉटला पुराचा धोका आहे की नाही, हे कसं कळणार?

या प्रश्नावर आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवतो. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर सांगलीकरांनी अंगावर झेलले आहेत, तरीही प्लॉट बघताना "इथं पाणी येत नाही" या एका वाक्यावर व्यवहार होतात.

कृष्णेची पातळी आयर्विन पुलाजवळ मोजतात. ४० फुटांना इशारा पातळी, ४५ फुटांना धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. पण हा आकडा पुलाजवळच्या मोजपट्टीचा. तुमच्या प्लॉटवर कमरेइतकं पाणी येईल की जोत्याला टेकून जाईल, हे त्यावरून थेट कळत नाही. त्यासाठी दोन कामं करा. आजूबाजूच्या चार घरांत जाऊन २०१९ चं पाणी भिंतीवर कुठपर्यंत होतं ते विचारा. बऱ्याच घरांत ती खूण अजून दाखवतात. मग लेव्हल मशीन लावून ती खूण, समोरचा रस्ता आणि तुमचा प्लॉट यांच्या उंचीतला फरक मोजून घ्या. हे काही तासांचं काम आहे आणि त्यावर जोत्याची उंची ठरते.

पाणी फक्त नदीकडून येतं असंही नाही. नदी फुगली की नाल्यांचं पाणी मागे सरकतं आणि नदीपासून लांबच्या वस्तीत शिरतं. शामरावनगरसारख्या सखल भागात पूर नसतानाही पावसाचं पाणी कित्येक दिवस हटत नाही. त्यामुळे जवळचा ओढा किंवा नाला कुठून जातो, तो बुजवलाय का, हेही बघा.

कायद्याच्या बाजूने दोन पूररेषा असतात: नदीजवळची निळी आणि तिच्या बाहेरची, मोठ्या पुराची लाल. २०२० च्या डिसेंबरपासून राज्यात लागू असलेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार नदी ते निळी रेषा या पट्ट्यात नवीन घर बांधता येत नाही. निळ्या आणि लाल रेषेच्या मधे बांधता येतं, पण जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर, म्हणजे साधारण दीड फूट, वर ठेवावं लागतं. तुमचा सर्व्हे नंबर कुठे येतो हे महापालिकेच्या नगररचना विभागात नकाशावर बघून घ्या. दलालाच्या तोंडी माहितीवर थांबू नका.

मग पूर येणाऱ्या भागात घर बांधूच नये का?

निळ्या रेषेच्या आत नाहीच. बाकी ठिकाणी बांधता येतं, पण पाणी येणार हे गृहीत धरून. खाली गाडी आणि मोकळी जागा, राहणं वर. मीटर, मुख्य स्विच आणि इन्व्हर्टर पुराच्या खुणेच्या वर. खालच्या मजल्यावर प्लायवूडची कपाटं नकोत. कडाप्प्याचे कप्पे पाण्यात उभे राहतात आणि धुऊन परत वापरता येतात. संडासाच्या पाइपला उलटं पाणी रोखणारा व्हॉल्व्ह हवा, नाहीतर घरात पहिलं पाणी तिथूनच येतं. जमिनीखालच्या टाकीचं तोंड उंच घ्या. गच्चीकडे जाणारा जिना रुंद आणि सोपा ठेवा, कारण त्या दिवशी म्हाताऱ्या माणसांना त्यावरून न्यायचं असतं.

एक विनंती: प्लॉट भरून उंच करताना पाण्याची नैसर्गिक वाट अडवू नका. तुमचा भराव शेजाऱ्याच्या घरात पाणी घालतो, आणि त्याच शेजाऱ्यासोबत पुढची अनेक वर्षं राहायचं असतं.

काळ्या मातीत पाया टिकतो का?

टिकतो, पण पाया काळ्या मातीवर थांबवायचा नाही. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि एप्रिल-मेमध्ये आकसून भेगाळते. दरवर्षीच्या या वर-खाली होण्याने भिंतींना तिरक्या चिरा पडतात. खोल जाऊन मुरूम किंवा कठीण थर गाठणं, तो फार खोल असेल तर पाइल (जमिनीत खोल नेलेले खांब) घेणं, सगळे कॉलम प्लिंथ बीमने (जोत्याच्या पातळीवरच्या तुळईने) बांधणं हे उपाय आहेत. कुठला लागू पडेल, हे स्ट्रक्चरल इंजिनिअर मातीचा अहवाल बघून ठरवतो. म्हणून पहिल्या भेटीनंतर लगेच प्लॉटवर चाचणी खड्डा घ्यायला सांगतो. पलीकडच्या प्लॉटवर सहा फुटांवर मुरूम लागला म्हणून तुमच्याकडेही तिथेच लागेल, असं नसतं. जुनी विहीर बुजवून केलेले प्लॉटही असतात, तेव्हा शेजारच्या जुन्या माणसांशी बोला.

खोदलेली काळी माती परत जोत्यात भरायची नाही. बाहेरून मुरूम आणायला पैसे लागतात म्हणून हे सर्रास केलं जातं, आणि दोन पावसाळ्यांत फरशा उचकटतात. घराभोवती फरसबंदी करून पाणी पायापासून लांब न्या.

साताऱ्यात डोंगराकडेला जागा आहे. तिथे वेगळं काय?

तिथे मातीपेक्षा उतार आणि पाऊस महत्त्वाचा. यवतेश्वर किंवा अजिंक्यताऱ्याच्या बाजूच्या उतारावर आधी प्लॉटची कंटूर पाहणी करून घ्या, म्हणजे किती फुटांचा चढ आहे ते नकाशावर दिसेल. डोंगर सपाट करून घर ठेवण्यापेक्षा घर उताराबरोबर टप्प्याटप्प्याने उतरवणं जवळजवळ नेहमीच स्वस्त आणि सुरक्षित पडतं. आधारभिंत लागलीच तर तिच्यामागचं पाणी बाहेर काढणारी भोकं आणि दगडगोट्यांचा थर हवाच. मागे साचलेल्या पाण्याच्या दाबाने भिंती पडतात. २०२१ च्या जुलैत पाटण तालुक्यात आंबेघर आणि मिरगावला दरडी कोसळून माणसं गेली. उतार कापताना ते विसरून चालणार नाही.

पश्चिमेकडून झोडपणाऱ्या पावसासाठी खोल छज्जे आणि उतरतं छप्पर घ्या. आणि ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप याच जिल्ह्यातला, म्हणून भूकंपरोधक डिझाइन आणि कॉलम-बीमच्या जोडावर कमी अंतरावर घातलेल्या सळईच्या रिंगा, यात काटकसर नको. महाबळेश्वर-पाचगणी भाग २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. तिकडे प्लॉट घेत असाल तर व्यवहाराआधीच विचारा.

पहिल्या भेटीला कोणती कागदपत्रं आणावीत?

खरेदीखत, चालू तारखेचा सातबारा किंवा सिटी सर्व्हेचं प्रॉपर्टी कार्ड, ले-आउट मंजूर असल्यास त्याचा नकाशा, एनए (बिगरशेती) आदेश असल्यास तो, आणि घरपट्टीची पावती. मूळ प्रती नकोत, झेरॉक्स पुरे.

यांच्याइतकीच गरजेची म्हणजे हद्द कायम मोजणी. भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज केला की भूकरमापक येऊन खुणा दाखवतो आणि मोजणी नकाशाची 'क' प्रत मिळते. खरेदीखतात दोन गुंठे, म्हणजे २१७८ चौरस फूट, लिहिलेले असले तरी जागेवर कुंपण फूटभर आत आलेलं असू शकतं. घराचे समासिक अंतर, म्हणजे चारी बाजूंनी सोडायची मोकळी जागा, हद्दीपासून मोजतात, त्यामुळे एक फूट इकडे-तिकडे झाला तर जिना किंवा मोरी जाते. मोजणीला शेजाऱ्यांना नोटीस जाते. त्याआधी स्वतः जाऊन सांगा, कटुता टळते.

जागा सामाईक असेल, वडिलांनंतर वारस नोंद झालेली नसेल, किंवा बहिणीचं नाव सातबारावर असेल, तर ते आधी मिटवा. सगळ्या सहहिस्सेदारांच्या सह्या लागतात. परदेशी असलेल्या भावाकडून मुखत्यारपत्र घ्यायलाही वेळ लागतो. घराचं काम निघाल्यावर हा विषय काढला तर घरात जे होतं, ते आम्ही फार वेळा पाहिलंय.

आमचा प्लॉट गुंठेवारीतला आहे. नकाशा मंजूर होईल का?

आधी प्लॉट नियमित झालेला असला पाहिजे. शेतजमिनीचे ले-आउट मंजूर न करता पाडलेले असे प्लॉट सांगली-कुपवाडमध्ये पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी २००१ चा गुंठेवारी कायदा आहे आणि २०२१ च्या दुरुस्तीने त्याचा लाभ ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारी विकासांना मिळाला. शुल्क भरून नियमितीकरणाचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. प्रत्येक प्लॉट नियमित होतोच असं नाही. विकास योजनेतला रस्ता किंवा आरक्षण असेल तर अडतो. प्रमाणपत्राशिवाय घर उभं राहिलं तर पुढे बँक कर्ज देत नाही आणि विकताना गिऱ्हाईक मिळत नाही.

गावाकडे घर बांधायला परवानगी लागते का?

लागते. छोट्या घरांसाठी वाट सोपी झाली आहे. १५० चौरस मीटरपर्यंतच्या आणि १५० ते ३०० चौरस मीटरच्या भूखंडांना जोखमीनुसार सुटसुटीत पद्धत आहे. ३० बाय ४० चा प्लॉट १२०० चौरस फूट, म्हणजे सुमारे १११ चौरस मीटर, त्यामुळे तो पहिल्या गटात येतो. तरीही समासिक अंतर आणि उंचीचे नियम सगळ्यांना लागू राहतात आणि नकाशा द्यावाच लागतो. गावठाणात आणि गावठाणाबाहेर परवानगीचं कार्यालय वेगळं असू शकतं, तेव्हा आधी चौकशी करा.

आर्किटेक्ट, इंजिनिअर आणि कंत्राटदार, तिघांची गरज आहे का?

हो, कारण तिघांची कामं वेगळी आहेत. आर्किटेक्ट घराची मांडणी, उजेड-वारा, मंजुरी आणि कामाचे तपशील बघतो. स्ट्रक्चरल इंजिनिअर पाया, कॉलम, बीम, स्लॅबची ताकद ठरवतो. कंत्राटदार बांधतो. बांधणाऱ्यानेच डिझाइन आणि तपासणी केली तर तुमच्या बाजूने बघणारं कोणी उरत नाही.

१९७२ च्या वास्तुविशारद कायद्यानुसार वास्तुकला परिषदेकडे नोंदणी असलेली व्यक्तीच स्वतःला आर्किटेक्ट म्हणवू शकते. नोंदणी क्रमांक 'सीए' या अक्षरांनी सुरू होतो. तो मागा, परिषदेच्या संकेतस्थळावर तपासा. विचारल्याबद्दल चांगला आर्किटेक्ट रागावत नाही. छोट्या घराचा नकाशा परवानाधारक अभियंताही देऊ शकतो, आणि या भागात फार चांगलं काम करणारे अभियंते आहेत. कोणालाही नेमा, पण त्यांनी बांधलेली आणि किमान एक पावसाळा काढलेली दोन घरं आत जाऊन बघा आणि तिथल्या माणसांशी एकटं बोला.

बजेट खरं सांगावं का? जास्त सांगितलं तर तेवढं खर्च होतं म्हणतात.

खरं सांगा. ही भीती आम्हाला कळते आणि ती बिनबुडाची नाही. पण तीस लाख हातात असताना वीस सांगितले, तर आम्ही वीस लाखांचं घर काढतो. मग काम सुरू झाल्यावर तुम्ही हळूहळू खोल्या वाढवता आणि त्या वाढीव खोल्या नकाशात कधीच नीट बसत नाहीत. उलट वीस असताना तीस सांगितले, तर घर स्लॅबपाशी अडकतं.

तीन आकडे वेगवेगळे लिहून आणा: हातात असलेले पैसे, बँक देईल ते कर्ज, आणि काहीही झालं तरी हात लावायचा नाही अशी ठेव. तिसरा आकडा आम्हाला सांगितला नाही तरी चालेल, पण तुमच्या घरात तो ठरलेला असू द्या. मुलीचं शिक्षण, आईचं ऑपरेशन, पुढच्या हंगामाची द्राक्षबाग, या गोष्टी घर बांधतानाही थांबत नाहीत. बँक कर्ज एकदम देत नाही. आधी तुमचा हिस्सा घालायला लावते, मग पाया, जोतं, स्लॅब अशा टप्प्यांवर पैसे सोडते. मधल्या आठवड्यांत मजुरांना द्यायला रोख लागते, तिची तरतूद ठेवा.

चौरस फुटाचा दर ऐकताना त्यात काय नाही ते विचारा. कंपाउंड भिंत, गेट, जोत्यातली मुरूम भरणी, जमिनीखालची टाकी, बोअर, वीज जोडणी, परवानगीचं शुल्क, आर्किटेक्ट-इंजिनिअरची फी आणि फर्निचर बहुतेक वेळा बाहेर असतं. घर ज्या रकमेत होणार म्हणून तुम्ही धरून चालता, ती या यादीमुळेच फुगते. 'लेबर रेट' (फक्त मजुरी) आणि 'मटेरियलसह' हे दोन दर एकमेकांशी ताडू नका.

पैसे कमी असतील तर खोल्या लहान करण्याऐवजी आकार साधा ठेवा. चौकोनी घर, संडास-बाथरूम एकाखाली एक, कॉलममध्ये दहा-बारा फुटांचं अंतर, यात खरी बचत आहे. किंवा आत्ता तळमजला आणि पुढे वरचा मजला, असं ठरवा. मात्र तसं सुरुवातीलाच सांगा, म्हणजे पाया दोन मजल्यांचा घेता येईल. गच्चीवर सोडलेल्या कॉलमच्या सळया उघड्या ठेवू नका. गंजतात आणि वरचा मजला चढवताना उपयोगाच्या राहत नाहीत. त्यांच्यावर साध्या काँक्रीटचं आवरण द्या.

भेटीला घरातल्या कोणी यावं?

स्वयंपाकघरात जी व्यक्ती रोज उभी राहते, तिने नक्की. पहिल्या भेटीला बऱ्याचदा वडील आणि मुलगा येतात, ओट्याची जागा ठरते, खिडकी ठरते, आणि ज्या बाईला तिथे पुढची तीस वर्षं काढायची आहेत ती घरी असते. आम्ही आता स्पष्ट विनंती करतो: सूनबाई, सासूबाई, लेक, सगळ्यांना आणा. भांडी कुठे घासतात, दळण कुठे ठेवतात, ओट्याची उंची कमरेला कशी लागते, कपडे वाळायला ऊन कुठे मिळतं, हे त्यांनाच माहीत असतं. त्या गप्प बसल्या तर आम्ही स्वतःहून विचारतो.

आजी-आजोबांचं ऐका. त्यांची खोली तळमजल्यावर, संडास लागून, दार तीन फुटांचं, पायरी सहा इंचांपेक्षा उंच नको. आज ते चालतात म्हणून हे पुढे ढकललं जातं. नंतर जिना फोडता येत नाही.

येण्याआधी आठवडाभर घरात काय चालतं ते वहीत लिहा. पहाटे पाणी किती वाजता येतं आणि कोण भरतं? मुलं अभ्यास कुठे करतात? गौरी-गणपतीला किती माणसं मुक्कामी असतात? हळद, शेंगा, ज्वारीची पोती घरात येतात का, आणि कुठे ठेवता? तासगाव-पलूसकडच्या शेतकरी घरात मागचं परडं, न्हाणी आणि चिखलाचे पाय धुवायची जागा दिवाणखान्याइतकी महत्त्वाची असते, आणि शहरी नकाशांची नक्कल करताना नेमकी तीच गळते. समोर सोपा (उघडी पडवी) हवा की बंद पोर्च? संध्याकाळी शेजारी टेकणार असतील तर कट्टा नकाशात मागून घ्या.

घरातल्या मोठ्या वस्तू मोजून आणा: पलंग, लोखंडी कपाट, शिलाई मशीन, बुलेट. दहा बाय दहाची खोली किती मोठी, याचा अंदाज कागदावर येत नाही. अंगणात चुन्याने आखा आणि आत उभे राहा.

घरात दोन मतं असतील तर ती घेऊनच या, पण बंधनकारक काय आणि आवडीचं काय, हे वेगळं करून या. कागदावर भिंत हलवायला खोडरबर पुरतं. वीट चढल्यावर तीच भिंत पाडायला मजुरी, मलबा आणि पुन्हा बांधणं असे तीन खर्च येतात.

वास्तुशास्त्राप्रमाणे करायचं असेल तर?

पहिल्याच दिवशी सांगा आणि किती काटेकोर पाळायचं तेही सांगा. स्वयंपाकघर आग्नेयेला, देवघर ईशान्येला एवढंच असेल तर बहुतेक प्लॉटवर ते सहज बसतं. तुमचे गुरुजी किंवा सल्लागार असतील तर कच्चा नकाशा झाला की लगेच त्यांना दाखवा. जोतं झाल्यावर आलेला सल्ला सगळ्यांनाच महाग पडतो. नियम आणि उजेड-वारा यांच्यात टक्कर झाली तर आम्ही दोन्ही बाजू समोर ठेवू, निर्णय तुमचा.

इंटरनेटवरचे फोटो आणावेत का?

आणा, पण काय आवडलं तेही सांगा. रंग, उजेड की जागेची मोकळीक? पश्चिमेला मोठ्ठी काच असलेलं थंड प्रदेशातलं घर सांगलीच्या एप्रिलमध्ये भट्टी होतं. तोच उजेड उत्तरेकडून घेता येतो.

फी कशी ठरते?

चौरस फुटावर, बांधकाम खर्चाच्या टक्क्यांवर किंवा एकरकमी. पद्धत कुठलीही असो, लेखी करार करा. त्यात किती नकाशे मिळणार, साइटवर किती वेळा येणार, नकाशात किती बदल फीमध्ये धरलेत, इंजिनिअरची फी आत की बाहेर, आणि काम मधेच थांबलं तर हिशोब कसा, हे असू द्या. आर्किटेक्ट जीएसटी नोंदणीकृत असेल तर फीवर १८ टक्के वेगळे येतात. पैसे टप्प्याटप्प्याने द्या.

"फक्त प्लॅन पास करून द्या" असं चालेल का?

ही मागणी रोजची आहे, म्हणून मोकळेपणाने सांगतो. मंजुरीचा नकाशा कार्यालयाला नियम पाळलेत हे दाखवण्यासाठी असतो. त्यात खोल्यांची मापं असतात, पण सळई किती, पाया किती खोल, पाइप कुठून, स्विच कुठे, खिडकीची चौकट भिंतीत कशी बसणार, यातलं काहीच नसतं. तो हातात देऊन गवंड्याला उभं केलं तर उरलेले सगळे निर्णय तो साइटवर, त्या सकाळी, त्याच्या सवयीने घेतो. आपल्याकडचे मिस्त्री कसबी आहेत, पण तुमच्या घरच्यांनी जे ठरवलं ते त्यांच्यापर्यंत पोचायला कामाचे नकाशे लागतात. पैसे कमी असतील तर थ्रीडी चित्रं वगळा, कामाचे नकाशे आणि आरसीसी डिझाइन वगळू नका.

मंजूर नकाशात बांधताना बदल केला तर?

आतली एखादी भिंत सरकवणं वेगळं. बाहेरची रेघ पुढे नेली किंवा मजला वाढवला तर सुधारित नकाशा मंजूर करून घ्यावाच लागतो. नाहीतर भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे घर वापरायची परवानगी, अडतं. बांधकाम परवानगी एक वर्षाची असते आणि दरवर्षी नूतनीकरण करून एकूण चार वर्षांपर्यंत नेता येते. काम रेंगाळलं तर तारीख लक्षात ठेवा.

गावभागातला जुना वाडा पाडावा की दुरुस्त करावा?

पाडण्याचा निर्णय घेण्याआधी वाडा मोजून त्याचे नकाशे करून घ्या आणि जुन्या बांधकामाची जाण असलेल्या इंजिनिअरला दाखवा. सागवानी खांब-तुळया बऱ्याचदा धडधाकट असतात आणि माती पाण्याने खचलेली असते. पुरात भिजलेल्या मातीच्या भिंतींवर सिमेंटचा गिलावा कधीच करू नका. ओल आत कोंडते आणि भिंत आतून भुसभुशीत होते. चुन्याचा गिलावा श्वास घेतो. सामाईक भिंत असेल तर शेजाऱ्याशी लेखी बोलणं आधी, कुदळ नंतर. पाडायचाच ठरला तरी लाकूड, दगडी पायऱ्या, दारं जपून उतरवून घ्या. नव्या घरात ती वापरता येतात. असे वाडे पुन्हा कोणी बांधणार नाही, म्हणून आम्ही प्रत्येकाला हा विचार एकदा तरी करायला लावतो.

काम चालू असताना आमचं काय काम?

रोज साइटवर जायची गरज नाही, पण सूचना एकाच तोंडाने जाऊ द्या. घरातल्या पाच जणांनी गवंड्याला पाच गोष्टी सांगितल्या की काम बिघडतं. काही बदलायचं असेल तर आम्हाला फोन करा, बदललेला नकाशा साइटवर जाईल. स्लॅब टाकण्याच्या आदल्या दिवशी इंजिनिअरने सळई तपासल्याशिवाय काँक्रीट होऊ देऊ नका. स्लॅबला पाणी मारायचं काम सुट्टीच्या दिवशीही थांबवू नका.

काम संपल्यावर काय मागून घ्यावं?

भोगवटा प्रमाणपत्र, प्रत्यक्ष बांधलं तसे दुरुस्त केलेले नकाशे, आरसीसीचे नकाशे, आणि पंप, टाकी, वॉटरप्रूफिंगची हमीपत्रं. गिलावा होण्याआधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, शेजारी टेप धरून, म्हणजे पाइप आणि वायर कुठे आहेत ते कायम कळेल. पुढे एक खिळा ठोकतानाही ते उपयोगी पडतं. सेप्टिक टाकीचं झाकण फरशीखाली गेलं असेल तर त्याचं अंतर नकाशावर लिहून घ्या. ही फाइल वरच्या मजल्यावर ठेवा आणि तिचे फोटो घरातल्या आणखी कोणाच्या तरी फोनमध्ये असू द्या.